पणजोबांच्या पहिल्या संसाराचा तपास

पवननगर, सिडको, नाशिक
९ डिसेंबर

तीर्थस्वरूप खंडेरावनानांना भिकनचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे उभ्यानेच घातला आहे, पण साष्टांगच समजावा).

तुमची शुगर, तुमचा डावा कान आणि तुमचा राग हे तिन्ही ताब्यात असतील अशी आशा करतो. काकूंची कंबर कशी आहे? इकडे आम्ही ठीक. तुमच्या सूनबाईचाही नमस्कार. तो तिने सांगितलेला नाही, पण सध्या ती माझ्याशी बोलत असती तर नक्की सांगितला असता. घरात जिवंत माणसं असताना हा माणूस सात महिने मेलेल्यांच्या मागे फिरतोय, असं तिचं म्हणणं आहे. फोन सोडून पत्र का लिहितोय ते आधी सांगतो. फोनवर तुम्ही "ऐकू येत नाही" म्हणता आणि आपलं सगळं सांगून फोन ठेवता. आखाजीच्या सणापासून मी तुम्हाला अकरा वेळा फोन केला आणि अकराही वेळा वाडीच्या कमानीचं काम कुठवर आलं ते ऐकून घेतलं. पत्रात मध्ये बोलता येत नाही. तेव्हा शांतपणे वाचा, आणि ताजा कलम आधी वाचायची तुमची जुनी सवय या वेळी तेवढी सोडा.

तुम्हाला आठवत असेल, आखाजीला पितरांना घास टाकून झाल्यावर तुम्ही ओट्यावर बसून मला कमानीच्या दगडाचा मजकूर वाचून दाखवलात. 'वाडीचे मूळपुरुष कै. पुंजाराम सखाराम येवले. येवल्याकडे प्लेगात पत्नी व मुलं दगावल्यावर दुःख उरात घेऊन, दोन बैलांनिशी इथे आले. माळ फोडला, बांध घातले, वाडी वसवली.' मग म्हणालात, "त्या गेलेल्या बायकोची नि मुलांची नावं पण दगडावर पाहिजेत. तू रिकामाच आहेस भिकन. दोन दिवसांचं काम आहे." नाना, मी रिकामा नाही, निवृत्त आहे. चौतीस वर्षं अंबडच्या कंपनीत सुटे भाग तपासले, केसाएवढा फरक असला तरी माल परत पाठवला. पण तुम्ही माजी सरपंच, मी पुतण्या. मी हो म्हटलं. (हो म्हणताना मला वाटलं होतं की फार तर तीन दिवस लागतील.)

पहिल्यांदा गंगेवर गेलो, आपल्या तीर्थोपाध्यायांकडे. तुम्हाला ठाऊकच आहे, त्यांच्या वह्यांमध्ये आपल्या सात पिढ्या असतात, नसतात ती फक्त हल्लीची माणसं. गुरुजी माझ्यापेक्षा लहान, पण गुरुजी म्हटलं की आपण आपोआप वाकतो. त्यांनी 'येवले' आडनावाच्या तीन वह्या काढल्या. पुंजाराम नाही. दुसऱ्या दिवशी दोन काढल्या. नाही. तिसऱ्या खेपेला ते म्हणाले, "काका, तुम्ही नक्की येवलेच ना?" एकसष्टाव्या वर्षी हा प्रश्न माणसाला बरा वाटत नाही. मी आधार कार्ड दाखवलं. त्यांनी ते पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "आडनाव राहू द्या. येवल्याकडच्या गावांची वही बघू." त्या वहीवर आम्ही पाच गुरुवार बसलो, कारण त्यांना गुरुवारीच दुपारी वेळ असतो आणि त्या वेळात नेमका कुणाचा तरी दहावा निघतो. पाचव्या गुरुवारी एका पानावर त्यांचं बोट थांबलं.

मोडी मला येत नाही. गुरुजींनी वाचलं ते लिहून घेतलं, आणि घरी येऊन तीनदा वाचलं. एकाच पानावर तीन नोंदी आहेत. पहिली १९१६ सालची: पुंजाराम बिन सखाराम कोटमे, वडिलांच्या अस्थी घेऊन आले, सोबत स्त्री धोंडाबाई व पुत्र बारकू. कोटमे, नाना. आपण येवले नाहीच. येवल्याकडून आलेला म्हणून वाडीजवळच्या घोटीच्या बाजारात लोक त्याला येवले म्हणायला लागले असणार, आणि आपण ते मतदार यादीपर्यंत नेलं. पण हे काहीच नाही. दुसरी नोंद १९३१ ची, प्लेगात दगावलेल्या बारकूने स्वतः येऊन केलेली. "बारकू बिन पुंजाराम, वय एकोणीस. मातोश्री धोंडाबाई घरी सुखरूप. वडील बारा वर्षे बेपत्ता. आल्यास कळवावे की मुलगा वाट पाहतो."

गुरुजी थांबले आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, पुढचं वाचा. तिसरी नोंद पुढच्याच वर्षीची, सिंहस्थातली. "पुंजाराम बिन सखाराम कोटमे, हल्ली वस्ती घोटीनजीक. मुलाचा निरोप वाचून दाखविला. ऐकून घेतला. उत्तर दिले नाही." खाली अंगठा.

मी घाटावरून उठलो आणि रिक्षा न करता चालत सीबीएसच्या एसटी स्टँडपर्यंत आलो, हे तुम्हाला गुडघ्यांचा हिशोब कळावा म्हणून सांगतो. ज्या माणसाने आपल्याला माळ फोडून जमीन दिली, ज्याचा फोटो नाही म्हणून आपण दर दसऱ्याला त्याच्या पहारीला हार घालतो, त्याचा अंगठा मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला. बराच मोठा आहे.

खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. नावं मिळाली होती, तुमचं काम झालं होतं. पण दगावलेला बारकू एकोणीस वर्षांचा होऊन वाट बघतोय म्हटल्यावर पुढे त्याचं काय झालं ते बघावंसं वाटलं. त्याच्या गावचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तुम्ही लगेच तिथल्या सरपंचाला फोन लावाल. येवल्याच्या पलीकडे सात-आठ किलोमीटर आहे. तिथे मी एकूण नऊ वेळा गेलो, एसटीने. (कांद्याच्या ट्रॅक्टरांमागे एसटी ज्या वेगाने जाते, त्या वेगाने पणजोबा बैल घेऊन चालत गेले असते तरी आधी पोचले असते.) जुनी जन्म-मृत्यूची पुस्तकं एका कचेरीत. त्या कचेरीने सांगितलं, दुसऱ्या कचेरीत गेली. दुसरीने सांगितलं, स्कॅनिंगला नाशिकला गेली. नाशिकला ज्या कचेरीत गेलो ती माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर आहे, आणि तिथल्या बाईंनी अतिशय गोड आवाजात सांगितलं की पुस्तकं मागच्याच महिन्यात पहिल्या कचेरीत परत पाठवली. मी त्यांना पाणी मागितलं. त्यांनी दिलं. एवढी एक गोष्ट त्या महिन्यात पहिल्या फटक्यात मिळाली.

शेवटी गावच्या शाळेत गेलो. हेडमास्तर भले गृहस्थ, १९४९ चं जनरल रजिस्टर कपाटातून स्वतः काढून दिलं. दीड तास बोट फिरवल्यावर सापडलं: कोटमे, कुसा बारकू. बारकूची मुलगी. मी एवढ्या जोरात "सापडली" म्हणालो की दुसरीचा वर्ग बघायला आला. हेडमास्तरांनी चष्मा वर करून नोंद पाहिली आणि म्हणाले, "कुसाबाई? अहो, त्या समोरच राहतात. पाहुण्यांना पाणी द्यायला तांब्या लागला तर आम्ही त्यांच्याकडूनच आणतो." लग्न गावातच झालं होतं. चार महिने मी शाळेच्या भिंतीला टेकून एसटीची वाट बघायचो, नाना. म्हणजे त्यांच्या दारासमोर.

कुसाबाई ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. तुमच्या आजोबांची नात, म्हणजे तुमची थोरली चुलत बहीण, माझी आत्या. ओट्यावर बसून बाजरी निवडत होत्या. मी माझी ओळख तीन वाक्यांत सांगायचं ठरवून गेलो होतो, पण पहिल्याच वाक्यात पुंजाराम हे नाव आलं आणि त्यांनी सूप खाली ठेवलं.

"आजा सापडला?" त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "सापडले म्हणजे, वारले आत्या. केव्हाच."

"ते तर वारलेच आसतील. पर कव्हा?"

मी म्हटलं, अडतीस साली, श्रावणात. त्या बोटांवर मोजायला लागल्या. मोजताना ओठ हलत होते. मग म्हणाल्या, "आजी गेली चौसष्टला. कुंकू लावूनच गेली. सव्वीस वरीस." आणि एकदम हसल्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत. त्या हसताहेत हे मला आधी कळलंच नाही. म्हणाल्या, गावातल्या निम्म्या बायका धोंडाबाईला संक्रांतीचं बोलावणं द्यायच्या आणि निम्म्या द्यायच्या नाहीत. ज्या द्यायच्या त्यांच्याकडे ती नटून जायची, आणि ज्या द्यायच्या नाहीत त्यांच्याकडे तर आधी जायची. प्लेग वगैरे काही नव्हता. भांडणही नव्हतं. आजा घोटीच्या बाजारातून बैल आणतो म्हणून पैसे नि दावं घेऊन निघाला आणि आला नाही. आपल्या दगडावरचे ते दोन बैल त्या घरच्या पैशांचे आहेत, नाना. धोंडाबाईने तीन वर्षं माणसं लावून शेत केलं, मग बारकू हाताशी आल्यावर दोघांनी.

चहा झाला. आत्यांनी तुमच्या आजीबद्दल विचारलं. "तिकडचीचं नाव काय?" मी सांगितलं, ठकूबाई. "तिनं चांगलं बघितलं ना त्याला?" मी हो म्हटलं. (मला काय माहीत? पण वाडीत पन्नास वर्षं तिचा शब्द चालायचा, तेव्हा बघितलंच असेल.) मग म्हणाल्या, "आता त्याचा घास टाकता यील. इतकी वरसं टाकला नाय. जित्या माणसाचा कसा टाकायचा?" आणि मग उठताना, अगदी सहज, बाजरीतला खडा काढावा तसं विचारलं, "माझ्या बापानं नाशकाला निरोप ठिवला व्हता. तो त्याला पोचला व्हता का रं?"

नाना, चौतीस वर्षं मी एक चुकीचा भाग पुढे सोडला नाही. सुपरवायझर ओरडले, युनियनवाले चिडले, तरी सोडला नाही. त्या दिवशी मी म्हटलं, "नाही आत्या. पोचला असता तर आलेच असते ते."

त्या "बरं" म्हणाल्या आणि मला बाजरीच्या दोन भाकरी बांधून दिल्या. त्या मी एसटीत खाल्ल्या. आता मी दमलोय. रागावलो मात्र नाही, कुणावरच. तो माणूस निरोप ऐकून परत आला आणि त्याच वर्षी त्याने वरचा मोठा बांध घातला, एकट्याने, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगायचात. लोक त्याला वेडा म्हणत होते, रोज अंधार पडेपर्यंत दगड वाहतो म्हणून. मी परवा वाडीला आलो तेव्हा (तुम्ही घोटीला दवाखान्यात गेला होतात) त्या बांधावर जाऊन बसलो. कशाला गेलो, सांगता येत नाही. भात कापून झालं होतं. बांध अजून एक इंच हललेला नाही.

बाकी क्षेम. काकूंना कंबरेला शेक द्यायला सांगा.

तुमचा पुतण्या,
भिकन

ता. क. पत्राचं खरं कारण आता लिहितो. कुसाआत्या कमानीच्या कार्यक्रमाला येणार आहेत, सोबत घरची अठरा माणसं. मी बोलावलं. त्या तुम्हालाही निरोपाचं विचारतील, कारण घरातले मोठे तुम्ही. तेव्हा तुम्हीही नाहीच म्हणायचं आहे. निवडणुकीत तुम्ही जसं म्हणायचात तसं नको, ते कुणालाच पटायचं नाही. साधं म्हणा.

ता. क. दोन. दगडातली प्लेगची ओळ मी काढायला लावली आहे, आणि धोंडाबाईंचं नाव ठकूबाईंच्या वर कोरायला लावलं आहे. तुम्हाला विचारायचं होतं, पण कारागीर म्हणाला आजच सांगा. (तो असं काही म्हणाला नाही.) कोरून झालं आहे.

ता. क. तीन. पाकीट चिकटवायच्या आधी आत्यांचा फोन आला, सुनेच्या मोबाइलवरून. गाडी कुठे लावायची विचारत होत्या. मग म्हणाल्या, "भिकन, बाप पुढल्या साली पुन्हा गेला व्हता नाशकाला. गुरुजींनी सांगितलं त्याला, आजा निरोप ऐकून गेला म्हून. बापानं आजीला कळू दिलं नाय. मला सांगितलं, त्याच्या शेवटाला." मी म्हटलं, आत्या, मग मला का विचारलंत? म्हणाल्या, "तू काय बोलतो ते बघत व्हते. खरं बोलला आसता तर पावना म्हून चा पाजून वाटंला लावला आसता." तेव्हा पहिला ताजा कलम रद्द समजा, त्या काही विचारणार नाहीत. तुम्हाला त्या खंडू म्हणणार आहेत, तेवढी मनाची तयारी ठेवा. शेंगदाण्याची चटणी आणते म्हणाल्या. तुमच्या दातांना चालेल की कुटून आणायला सांगू, ते कळवा. फोनवर नको, पत्राने.