चाकांत हवा नसलेल्या वाहनावर बदली

प्रति,
मा. अधीक्षक अभियंता,
रस्ते व इमारती कार्यालय.

विषय: जीपवरून रोलरवर बदली मिळणेबाबत.
संदर्भ: मला एकाच दिवशी मिळालेल्या दोन कारणे दाखवा नोटिसा.

महोदय,

मी आपल्या कार्यालयातील जीपचा चालक असून ही जीप उपअभियंता साहेबांच्या दिमतीस आहे. साहेबांच्या मणक्याचे ऑपरेशन झाले आहे. टायर नरम असले की खड्डा कमरेपर्यंत पोचत नाही, म्हणून त्यांना चोवीस पौंडांच्या वर हवा चालत नाही. टायर नरम असले की जीप जड चालते व डिझेल पिते, म्हणून वाहन शाखेच्या प्रमुखांना छत्तीसच्या खाली चालत नाही. दाराच्या पट्टीवर कंपनीने तीस छापले आहे. तीस भरून पाहिले, तेव्हा दोघेही रागावले.

सबब मी सकाळी प्रमुखांसमोर छत्तीस भरून निघतो, पाण्याच्या टाकीमागे हवा सोडतो, साहेबांना बसवतो आणि कार्यालयात परतून साहेब मीटिंगमध्ये असताना, प्रमुखांनी हवा मोजण्याआधी पायपंपाने पुन्हा भरतो. परवा मीटिंग लवकर सुटली व साहेबांनी मला पंपासह पाहिले. त्याच दिवशी टाकीमागून जाताना प्रमुखांनीही मला हवा सोडताना पाहिले होते. एक नोटीस विचारते हवा का भरली, दुसरी विचारते का सोडली. धरले तर चावते, सोडले तर पळते. एकीला खरे उत्तर दिले की दुसरीत नोकरी जाते.

येथे नमूद करणे भाग आहे की वाहन शाखेचे प्रमुख हे माझे सासरे असून मी त्यांच्याच क्वार्टरमध्ये राहतो. जावयाला सूट दिली तर लोक नावे ठेवतील, असे त्यांचे म्हणणे आहे. ते जेवतानाही ॲव्हरेज विचारतात. पत्नी दोघांना वाढते, मान वर करत नाही. मी अर्ध्या ताटावरून उठतो.

तरी मला रस्त्याच्या कामावरील रोलर द्यावा. रोलरची चाके लोखंडी असून त्यांत हवा नसते. काम लांब आहे, मुक्काम तंबूत असतो, हे मला मान्य आहे. अर्ज वरिष्ठांमार्फत पाठवायला हवा होता. परंतु ते वरिष्ठ म्हणजे हेच दोघे, म्हणून समक्ष देत आहे.

अर्ज काल पत्नीस वाचून दाखवला. वडिलांविरुद्ध ती आजवर एक शब्द बोललेली नाही, कालही बोलली नाही. भांडी पुसून झाल्यावर एवढेच म्हणाली, "तंबूत दोघांना जागा असते का, तेवढं विचारा."

तेवढे कृपया कळवावे.

आपला आज्ञाधारक (एका वेळी एकाच आज्ञेचा),
(सही)
चालक, जीप

दिनांक: नोटिशीच्या मुदतीचा शेवटचा दिवस
सोबत: दोन्ही नोटिसांच्या प्रती