मांडवाबाहेरचा पावणा

कोल्हापूर
१४ डिसेंबर २००५

प्रिय बसवेश,

हे पत्र एकट्यानं वाच. दुकानात नको, तिथं तुझे गुरुसिद्धकाका असतील. नव्या बायकोसमोरही नको. ते तुझ्या हातात देणारा कृष्णात शिंपी आपल्या दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसतो, त्याला तू लहानपणापासून ओळखतोस. त्याला काही विचारू नकोस, तो बिचारा आधीच घाबरलाय. चौदा वर्षांपूर्वी सोलापूरकडं एसटीच्या अपघातात तुझा बाप मेला, त्याला तिकडंच माती दिली, असं तुला सांगितलं. तो मेला नाही. मी इराप्पा, तुझा अप्पा. कोल्हापूरच्या बाहेर माळावर महारोग्यांची वसाहत आहे, तिथं राहतो. बोटं आखडलीत, म्हणून पेन चिंधीनं हाताला बांधून लिहितोय. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुला खोटं वाटेल. तर ऐक. दुपारी शाळेतून आलास की तू दुकानात मांजरपाटाच्या ठाणांवर झोपायचास. एकदा झोपेत तू उदगावच्या पाटलीणबाईंसाठी काढून ठेवलेल्या इरकली लुगड्यावर मुतलास. मी ते गुपचूप धुतलं, इस्त्री केली, पुन्हा घडी घातली आणि त्याच बाईला विकलं. माझी बायको असूनही हे तुझ्या अव्वाला ठाऊक नाही. फक्त तुला आणि मला. त्या दिवशी मी तुला मारलं नाही म्हणून तू संध्याकाळभर माझं धोतर धरून हिंडत होतास.

१९८८ सालात माझ्या भुवया विरळ व्हायला लागल्या, कानाच्या पाळ्या जाड झाल्या. कापड फाडताना कात्री हातातनं सुटायची. सांगलीच्या डॉक्टरनं रोगाचं नाव सांगितलं आणि औषध सरकारात फुकट मिळतं, असंही सांगितलं. पण ते आणायला दवाखान्याच्या रांगेत उभं राहावं लागलं असतं, आणि त्या रांगेत आपल्या जयसिंगपूरचं कुणी ना कुणी भेटलंच असतं. मग माझ्या हातचं कापड कुणी घेतलं असतं? तुझ्या शिवांजलीअक्काला स्थळ कुठून आलं असतं? म्हणून एका वैद्याचे लेप लावत तीन वर्षं काढली. शेवटी पायाला जखम झाली, तिचा वास सुटला. माझ्या थोरल्या भावानं, गुरुसिद्धअण्णानं परसात मला सदरा काढायला लावला, माझं अंग बघितलं, आणि तो सदरा हात न लावता काठीनं माझ्याकडं ढकलला. दुसऱ्या दिवशी टेम्पोत कापडाच्या गठ्ठ्यांमागं बसवून मला इथं आणलं. गेटावर म्हणाला, "बरा झालास की न्ह्यायला येतो." तुझ्या अव्वानं भाकरीचा डबा दिला होता. अण्णा म्हणाला, "त्यो डबा आता परत नगो."

इथं पहिले सहा महिने मी माणूस नव्हतो. आम्ही पेठेतले, दुकानदार. बाजूच्या खाटांवर कोण कुठला, कुठल्या जातीचा, हे विचारल्याशिवाय मी पाणी प्यायचो नाही. नाक बसत चाललं होतं, तरी ते वरच होतं. शालूबाई नावाची एक ख्रिस्ती बाई ड्रेसिंग करायची. चाळिशीची, विधवा, आवाज असा की माळाच्या त्या टोकाला ऐकू जावा. ती माझे पाय टबात घेऊन धुवायला बसली की मला संताप यायचा. एक दिवस मी तिच्या अंगावर थुंकलो. तिनं पदरानं खांदा पुसला आणि म्हणाली, "पानी गार झालं म्हनून चिडलासा व्हय? थांबा, दुसरं आनतो." आणि खरंच दुसरं ऊन पाणी घेऊन आली.

मग एकदा मी तिला विचारलं, तुला भीती वाटत नाही का. ती म्हणाली, "वाटायची की. पैल्या दिवशी भाईर जाऊन ओकलो मी." मग माझ्या पायातला किडा चिमट्यानं काढता काढता तिनं मला गोष्ट सांगितली. गावानं हाकललेला एक महारोगी येशूच्या पुढं येऊन गुडघे टेकतो. "तर येशूनं काय केलं ठावं हाय? आधी हात लावला. बरं मागनं केलं." एवढंच. मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो की हात लावून बघितल्याशिवाय कापड कळत नाही. मला हात लावून कुणी बघितलं नव्हतं. त्या दिवशी मी भिंतीकडं तोंड करून खूप रडलो, आणि ती पुढच्या खाटेकडं गेली, कारण तिला अजून अकरा जणांचे पाय धुवायचे होते.

१९९३ साली माझा रोग बरा झाला. बोटं आणि पाय गेले ते गेले, पण याच्यापासून आता कुणाला धोका नाही, असा डॉक्टरांनी कागद दिला. तो कागद खिशात घालून मी जयसिंगपूरला आलो. अण्णानं मला दुकानाच्या मागं घेतलं. कागद वाचलाही नाही. म्हणाला, "इराप्पा मेला. मळ्यात त्याची समाधी बांधलीया, जंगमांनी पूजा केलीया, गाव जेवून गेलंया. पोरीचं लगीन व्हायचं हाय. तुला बाप व्हायचं हाय का भूत?" दाराच्या फटीतून तुझी अव्वा दिसली. कपाळ मोकळं होतं. मी तिला गौरा म्हणून हाक मारली. तिनंच आतून कडी घातली. तू शाळेत होतास.

मी मळ्यात जाऊन माझी समाधी बघितली. तुझ्या आज्जाच्या शेजारी, चांगल्या घडीव दगडाची. अण्णानं हयगय केली नव्हती. विहिरीपाशीही गेलो होतो. पण उन्हाळ्याचे दिवस, तळाला गुडघाभर पाणी. मेलो नसतो, नुसता मोडलो असतो. वसाहतीत परतलो तेव्हा शालूबाई एवढंच म्हणाली, "जेवलासा काय?" पुढच्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला. काका तुला म्हणतील, ख्रिस्तावांनी फूस लावून त्याला बाटवला. त्यांना विचार, गेटावर सोडून गेल्यावर मला बघायला एकदा तरी कोण आलं होतं? गळ्यातलं लिंग मी फेकलं नाही, माझ्या पेटीत आहे. आपल्या लिंगायत संतांनी, शरणांनी शिवाशिव मोडली हे आपल्या घरात दर सणाला सांगितलं जायचं. ते आपण ऐकलं असतं तर मला घर सोडावं लागलं नसतं.

आता तुझ्या अक्काचं सांगतो. तुला तिच्याबद्दल काय सांगितलंय मला ठाऊक नाही. मी दुकानामागं आलो होतो तेव्हा कृष्णातनं मला बघितलं होतं, त्यानं १९९६ साली तिला खरं सांगून टाकलं. सतरा वर्षांची पोर, कॉलेजला जाते म्हणून घरातून निघाली आणि एसटीनं एकटी इथं आली. माझ्या खोलीबाहेर कितीतरी वेळ उभी राहिली. मग आत आली, माझ्या ताटातली भाकरी मोडली आणि खायला लागली. मी म्हणालो, रडू नको पोरी. तर म्हणते, "मी रडत न्हाई अप्पा, मी दमलोय." सहा वेळा आली ती. सहाव्या वेळी वसाहतीच्या थांब्यावर उतरताना पेठेतल्या कुणीतरी तिला बघितलं. इचलकरंजीचं ठरलेलं लग्न आठ दिवसांत मोडलं. अण्णानं तिला दुकानातल्या लोखंडी गजानं मारलं, आणि महिन्याभरात गोकाकच्या पलीकडं एका बिजवराला देऊन टाकली. तिच्याहून वीस वर्षांनी मोठा. ९८ साली पहिल्याच बाळंतपणात दोन दिवस अडली. दवाखान्यात कुणी नेलं नाही. बाळही गेलं. मला कळलं ते महिन्यानं, कृष्णातकडून. तुला सांगितलं असेल, तिचं नशीब. बसवेश, ती मला भेटायला आली म्हणून मेली.

मी पवित्र शास्त्र, त्यांचं बायबल, गटारात टाकलं. चर्चला जाणं सोडलं. पाळक येऊन म्हणाले की देवाची इच्छा असते. मी त्यांना आईवरून शिवी दिली. शालूबाई आली, पण तिनं ते शास्त्र उचललं नाही, की मला समजावलं नाही. खाली बसली. मी विचारलं, तुझा देव कुठं होता त्या दोन दिवसांत? तिनं माझ्या पायाची सुटलेली पट्टी बांधली. मग म्हणाली, "मला ठावं न्हाई. खिळ्यावर लटकल्यावर त्यानंबी वर बघून हेच इचारलं, का सोडलंस म्हनून. त्यालाबी त्या दिवशी कुनी उत्तर दिलं न्हाई." बसवेश, मला दुसरं कुठलंही सांत्वन चाललं नसतं. माझ्यासारखंच ओरडलेला, उत्तर न मिळालेला देव मला चालला. तोच नंतर उठला, असं शालूबाई मानते. मला ते मानायला आणखी वर्ष लागलं.

त्या वर्षी बिद्रीकडची एक पोर वसाहतीत आली. ऊसतोड्याची बायको, अठराची असेल. सासरच्यांनी गेटावर आणून सोडलेली. शालूबाईचा हात मोडून गळ्यात होता. ती मला म्हणाली, "बसलासा काय? तिचं पाय धुवा." मी माझ्या असल्या हातांनी त्या पोरीचे पाय टबात घेतले. तिला लाज वाटत होती, ती पाय ओढून घ्यायची. "भ्या वाटत न्हाई व्हय तुमास्नी?" तिनं विचारलं. मी तिचा पाय पुन्हा टबात घेतला. शिवांजली परत आली असं काही झालं नाही. ती गेली ती गेलीच, आजही सकाळी उठल्यावर पहिली तीच आठवते. पण माझी समाधी बांधून सात वर्षं झाली होती, आणि त्या दिवशी मला काम मिळालं. तेव्हापासून मी ड्रेसिंगच्या खोलीत आहे. ती पोर बरी झाली. आता वसाहतीच्या मागावर सतरंज्या विणते आणि मला अप्पा म्हणते.

गेल्या गुरुवारी मी तुझ्या लग्नाला आलो होतो. कृष्णातनं पत्रिका दाखवली तेव्हा शपथ घेतली होती की जायचं नाही. पण पाय राहिले नाहीत. धुतलेलं धोतर नेसलो, कानटोपी घातली आणि कार्यालयाच्या बाहेर, मागायला आलेल्यांच्या रांगेत उभा राहिलो. अक्षता पडल्या तेव्हा माझ्याजवळ तांदूळ नव्हते. नुसतेच हात वर केले. मग नवरदेवानं दारातल्या लोकांना स्वतः वाढायचं म्हणून तू हुग्गीची, गव्हाच्या खिरीची बादली घेऊन बाहेर आलास. केवढा झालायस. आवाज अगदी तुझ्या आज्जाचा. तू गड्याला म्हणालास, "त्या म्हाताऱ्याला लांब बसवा रं, महारोगी हाय त्यो." आणि मला म्हणालास, "पावणं, पत्रावळ भुईवर ठेवा. हातात धरू नगा." मी ठेवली. तू वरूनच वाढलंस. त्याचा मला राग नाही. तुला तेच शिकवलंय.

तू गेल्यावर तुझी अव्वा आली. तिनं मला ओळखलं. तिथंच उभी राहिली. मग तुपाची अख्खी वाटी माझ्या हुग्गीवर ओतली, मला पूर्वी आवडायची तशी, आणि म्हणाली, "प्वाटभर जेवा पावणं. आनि परत येऊ नगा." मी पोटभर जेवलो. पत्रावळ पुसून जेवलो.

तुला वाटेल, हा म्हातारा आता हक्क सांगायला आलाय, घरात घ्या म्हणतोय. नाही. माझं घर इथं आहे. मी यातलं काहीही तुला कळवलं नसतं, मेलेलाच राहिलो असतो. पण वाढताना तू बाह्या दुमडल्या होत्यास. तुझ्या डाव्या हाताला, कोपराखाली, रुपयाएवढा फिकट डाग आहे. कोरडा, त्यावर केस नाहीत. माझ्या पत्रावळीवर वाढताना पळीतली कढत हुग्गी त्या डागावर सांडली, आणि तू हात झटकला नाहीस. तुला कळलंच नाही. मी गेली सात वर्षं रोज असेच हात बघतो, बसवेश. माझी चूक होत नाही. मी रोग लपवला त्या तीन वर्षांत तू रोज माझ्या गळ्यात तोंड खुपसून झोपायचास. हा रोग अंगात दहा-पंधरा वर्षं गप्प बसू शकतो. बहुतेक मीच तो तुला दिला, एका रांगेत उभं राहायची लाज वाटली म्हणून. याची माफी मागायची माझी लायकी नाही. पण तुला ते सगळं होणार नाही. आता सहा महिने गोळ्या, फुकट, आणि रोग जातो. पहिल्या डोसापासूनच तुझ्यापासून दुसऱ्याला धोका राहत नाही. बायकोला आणि अव्वालाही तपासून घे. त्यांना सांगायची हिंमत झाली नाही तर शालूबाई येऊन सांगेल. तू कुठल्या देवाला हात जोडायचे ते तुझं तू बघ. मी माझ्या देवापाशी रोज तुझं नाव घेतो, आणि त्याबद्दल तुझ्याकडून काही मागत नाही. सोमवारी सकाळी नऊला कोल्हापूरच्या स्टँडवर शालूबाई उभी असेल. जाडी, पांढऱ्या केसांची, मोठ्यानं बोलणारी. तू कोणाचा आहेस हे तिला सांगायची गरज नाही. ये. आला नाहीस, तर मंगळवारी मी जयसिंगपूरला येईन, दुकान उघडायच्या वेळेला, आणि सगळ्या पेठेसमोर तुला 'माझ्या लेका' म्हणून हाक मारीन. तुझी अब्रू जाऊ दे, माझ्यावर थुंक, दगड मार. तुझी दहाही बोटं शाबूत राहिली पाहिजेत.

अजून तुझाच,
अप्पा