कीबोर्डवरची हळद

गुरुवार, १५ ऑक्टोबर १९८७

आजचा खर्च: टीव्हीला जोडायची नवी वायर, बावीस रुपये. दुरुस्तीवाल्याचे नुसतं बघायचे दहा. तरी दादानं पुण्याहून दिलेला कॉम्प्युटर पाच मिनिटांत ठप्प. लाल दिवा चालू, पण पडद्यावरची अक्षरं जागची हलत नाहीत.

दुपारी पुसायला घेतला तर बटणांच्या फटीत हळद. एका बटणाखाली तांदळाचा दाणाही. दसऱ्याला विळी-कात्रीबरोबर मीच पुजला होता, अक्षता टाकून, वाडीच्या देवळातलं तीर्थ शिंपडून. दाणा काढला, तरी कॉम्प्युटर अडकतोच. लाल दिवा तेवढा चालू.

संध्याकाळी हे सुमनवर ओरडले, "तूच कायतरी दाबलंस की! रविवारी देतो परत तुझ्या मामाला."

"आबा, देवाशप्पथ, मी काय न्हाई केलं!"

पोर न जेवताच निजली. नोकरीसाठीची कॉम्प्युटरची परीक्षा आठवड्यावर आली, आता सराव कशावर करणार? आणि मी तिथंच भाकरी थापत होते. तोंड का उघडलं नाही? महाराज, हा गुरुवारचा उपास तरी कसला माझा?

दादाला कार्ड लिहिलंय. सकाळी ह्यांच्याच हातात देईन पेटीत टाकायला. उघडं कार्ड, हे वाचणारच: दादा, चूक सुमनची नाही, माझी आहे. तीर्थ आत गेल्यावर यंत्र वाचतं का, उलट टपाली कळव.