स्टेनोची खुर्ची

३ मार्च

चि. भाच्यास, रागासकट आशीर्वाद.

काल, २ मार्चला, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी तू माझा अपमान केलास. जुन्या कोर्टाच्या रिकाम्या इमारतीचं पुढे काय करायचं, यावर मतं घ्यायला तू आर्किटेक्ट म्हणून आम्हा नागरिकांना आत नेलंस. तिथे मी तेहतीस वर्षं स्टेनो होते. पाय दुखले म्हणून माझ्या जुन्या खुर्चीत टेकले. तू चाळीस पावलांवर, दाराशी, सहकारिणीच्या कानात पुटपुटलास, की मावशी ठार बहिरी झालीय, तिला विचारणं म्हणजे भिंतीशी बोलणं, चहा पाजून घरी पाठवू.

शब्द न् शब्द ऐकला. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये कुजबुजणाऱ्याला सिस्टर तासभर उभं करायच्या. तुला वर्षभर करायला हवं. आणि चहा पचपचीत होता.

लोभ तूर्त राखून ठेवलेली,
मावशी


७ मार्च

ती. मावशीस, सा. न. वि. वि.

कान पकडतो. पण तुझं कानाचं मशीन तर १ तारखेपासून आमच्याकडेच राहिलं होतं, आईने आजच माझ्या हाती दिलं! मग तू ऐकलंस कसं? मला चैन पडेना. त्या खुर्चीत बसलो आणि सहकारिणीला दाराशी पुटपुटायला लावलं. तिने मला घातलेल्या शिव्या स्वच्छ ऐकू आल्या. दोन पावलं पुढे सरकलो, तर आवाज गुडुप. मागची लाकडी भिंत आत वाकवलेली आहे, दाराकडचा आवाज गोळा करून खुर्चीपाशी आणण्याची करामत तिचीच असावी. तुला ठाऊक होतं?

पंचाईत अशी, की तिथे वाचनालय ठरलंय. कपाटांसाठी ती भिंत १८ तारखेला निघतेय.

रागातही माया असू दे.
तुझा भाचा


११ मार्च

चि. भाच्यास, निम्मे आशीर्वाद.

ठाऊक नव्हतं. साक्षीदाराचा अडकलेला श्वाससुद्धा मला कळायचा. वाटायचं, माझे कान तिखट. श्रेय भिंतीचं निघालं! एक दिवस फुगून बसले, मग राहवेना.

काल चौकीदाराला दटावून आत गेले. बरोबर शेजारच्या निवृत्त हेडबाई, माझ्यापेक्षा बहिऱ्या. त्यांना भिंतीलगत बसवलं आणि दाराशी उभी राहून वर्तमानपत्र वाचलं. बाईंनी तिथून माझे उच्चार सुधारले! बाक सरकवत गेलो. भिंतीलगत नऊ जणांना नीट ऐकू येतं. खडूने खुणा केल्यात, पुसू नकोस.

घरी सून बोलते, मी मान डोलावते. सभांना जाणं तर कधीच सोडलं. कुणाला सारखं काय काय म्हणून विचारायचं? तुझी पुस्तकं वरच्या मजल्यावर ठेव. खाली व्याख्यानं होऊ देत, नगरपालिकेच्या बैठका होऊ देत, आणि त्या नऊ जागा आम्हा बहिऱ्यांच्या.

भिंत राहणार की नाही, याचं लेखी उत्तर १६ मार्चला दुपारी बाराच्या आत हवं. नाहीतर १८ तारखेला सुतारांना आधी मला उचलावं लागेल. तोंडीच सांगायचं असेल, तर दाराशी उभा राहून पुटपुट. मी खुर्चीत असेन.

तुझी मावशी