यात्रेच्या आठवड्यात पाहावेत असे चित्रपट

१६ मार्च २००३, रविवार

पेपरात चित्रपट पुरस्कारांची नामांकनं आली. यंदा पक्कं ठरवलंय. नामांकन मिळालेला एकही चित्रपट सोडायचा नाही. कोणता पाहावा, कोणता पाहू नये, हे कोल्हापूरला स्पष्ट सांगायचं. कुणीतरी सांगायला हवंच, नाहीतर हे गाव कुस्ती आणि रश्श्याच्या पुढं सरकायचं नाही.

तीन नावं डोळ्यांत भरली. 'कोरडं पात्र', 'बिनखिडकीचं घर', 'तिसरा जिना'. काय वजन आहे नावांत! चित्रपट बघून मत कुणीही देईल. न बघता द्यायला अभ्यास लागतो. तिन्हींपुढं 'अवश्य पाहावा' लिहून टाकलं.

ही म्हणाली, मागच्या रविवारी थेटरात तुमच्या घोरण्यानं पुढच्या रांगेतलं लेकरू रडलं. मी डोळे मिटून पार्श्वसंगीत ऐकत होतो. हिला कोण सांगणार.

२० मार्च

ऑफिस सुटल्यावर नवनाथ टॉकीजला. मालक आकाराम, हिचा थोरला भाऊ. टॉकीज माझ्या सासऱ्यांनी बांधलं, हा चालवतो. म्हणजे ओढतो. केबल आल्यापासून मॅटिनीला माणसांपेक्षा वटवाघळं जास्त. वर्ष तगतं ते एका आठवड्यावर, चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेच्या. खेड्यापाड्यांतली माणसं डोंगरावरून देव करून उतरतात आणि घरी जाण्याआधी नवनाथला देवाचा पिक्चर बघतात. दरवर्षी तोच. प्रिंट इतकी झिजलीय की देव पावसात उभा असल्यासारखा दिसतो म्हणे. तरी हाऊसफुल्ल! गुलालानं माखलेली माणसं तशीच खुर्च्यांवर बसतात. यात्रा सरली की डोअरकीपर पिराजी खुर्च्या धूत बसतो आणि गुलाबी पाणी गटारानं चौकापर्यंत जातं.

मी आकारामला म्हटलं, यंदा यात्रेच्या आठवड्यात देवाचा पिक्चर बंद. तीन नामांकित चित्रपट लाव. कॉलेजची पोरं, प्राध्यापक, डॉक्टर, सगळे येतील. माझी गॅरंटी.

त्यानं हातातलं तिकिटांचं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "दाजी, ह्यो आठवडा म्हंजे माझ्या वर्साचं पोट हाय. ह्यो हुकला तर टॉकीज ऱ्हायचं न्हाय."

मी म्हटलं, म्हणूनच तर सांगतोय.

त्यानं मान हलवली. आमच्याकडं दाजीचा शब्द खाली पडू देत नाहीत. बहीण दिलेल्या घरचा माणूस. पंगतीत मी घास घेतल्याशिवाय आकाराम घास घेत नाही. ही रीत मला फार आवडते.

२ एप्रिल, गुढीपाडवा

नवनाथला मशीनची पूजा. नारळ फोडायचा मान दाजीचा, म्हणजे माझा. नारळ नासका निघाला. केबिनमध्ये असा वास सुटला की पिराजीनं नाकाला टॉवेल लावला.  मीच म्हटलं, नासका निघाला म्हणजे देवाला पोचला. पिराजी म्हणाला, "पोचला म्हंजे देवानं काय म्हटलं, त्ये कळंना नव्हं." अशिक्षित माणूस.

देवाच्या पिक्चरच्या रिळांची पेटी पुण्याहून येते. हवी की नको ते पाडव्याला कळवावं लागतं. आकारामचा हात फोनकडं जाईना. शेवटी मीच फोन लावला. वितरकानं दोनदा विचारलं, "नक्की का?" मी म्हटलं, नक्की. मग तो मागं वळून कुणाला तरी म्हणाला, "घ्या, सुटली." पेटी मालन टॉकीजला गेली. आमच्याच चौकाच्या पलीकडचं टॉकीज. जाऊ दे. त्यांच्या खुर्च्या होऊ देत गुलाबी.

फोन ठेवल्यावर का कोण जाणे, छातीत जरा धडधडलं. उपवासाच्या पित्तानं असेल. उपवास नव्हता, पण सकाळी श्रीखंड जास्त झालं होतं.

५ एप्रिल

नवनाथच्या दारातल्या फळ्यावर चालू चित्रपटाचं नाव लिहितात. तो आता मी ताब्यात घेतला आहे. आजचं लेखन : 'कोरडं पात्र. अवश्य पाहावा. बिनखिडकीचं घर. अवश्य पाहावा. तिसरा जिना. पाहिलाच पाहिजे.' खाली सूचना : 'मालन टॉकीज येथील भक्तिपट पाहू नये.' अक्षर सुरेख आलं.

लिहीत असताना मागं कुणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. वळून पाहिलं तर पांढरा सफारी, काळा चष्मा, हातात गुंडाळलेली टेप. फळा वाचलाच नाही त्यानं. टॉकीजच्या भिंतीकडं बघत होता. मी विचारलं, काय पाहिजे पावणं? तो म्हणाला, "काय न्हाय. जागा बघतोय." आणि गेला.

८ एप्रिल

सफारीवाला पुन्हा आला. मॅटिनी चालू असताना आत शिरला आणि पडद्याकडं पाठ करून उभा राहिला. सगळा वेळ. पडद्यावरचा उजेड त्याच्या डोक्याभोवती, चेहरा अंधारात. 

मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुरस्कार समितीचा माणूस! गुप्तपणे पाहणी करतोय. नामांकित चित्रपटांचा आठवडा होणार हे वर कळलंय. पडद्याकडं पाठ का, तर प्रेक्षकांची प्रतिक्रिया बघायला. प्रेक्षक पिराजीच होता आणि तो झोपला होता, एवढंच वाईट झालं.

घरी सांगितलं. क्रांती हसली. आमची मुलगी, कॉलेजात आहे. तिला बजावलं, शुक्रवारी सगळा वर्ग घेऊन ये. ती म्हणाली, "बघू की." म्हणजे येणार.

ही भाकऱ्या थापत होती. तिनं पुढचा गोळा घेतला.

१० एप्रिल

आज सफारीवाल्याशी ओळख करून घेतली. नाव बाळासो. जास्त बोलत नाही. मोठी माणसं बोलत नाहीतच. त्यानं बाल्कनीपासून पडद्यापर्यंत टेप लावली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं, मी धरलं. पडद्यापाशी गुडघ्यावर बसून, टोक भिंतीला दाबून धरलं. तिथं भिंतीत एक चीर आहे, तीही दाखवली. लपवाछपवी कशाला? त्यानं चिरेत बोट घातलं. "लई जुनी हाय," म्हणाला.

चहा पाजला. त्यानं विचारलं, "यंदा देवाचा पिक्चर लावणार न्हाई म्हनं?" मी म्हटलं, मीच बंद केला. मालक माझ्या शब्दाबाहेर नाहीत. त्यानं पहिल्यांदा चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. डोळे अगदी शांत होते. "बरं झालं," म्हणाला. "आठवडा जाऊ द्या. मग मालकास्नी भेटतो."

म्हणजे निकाल आठवड्यानंतर. सत्काराचं भाषण लिहायला घ्यावं. उद्यापासून पहाटे पाचला उठून लिहायचं.

११ एप्रिल, शुक्रवार

आठला उठलो. भाषण राहिलं.

'कोरडं पात्र', पहिला खेळ. प्राध्यापक आले नाहीत, परीक्षा असतील. डॉक्टर आले नाहीत, साथ असेल. क्रांतीचा वर्ग मालनसमोर उभा दिसला. बहुधा रस्ता चुकले. आत मी, आकाराम आणि पासवर आलेले दोघं. चित्रपटात एक म्हातारा नदीच्या कोरड्या वाळूत उभा राहतो. खूप वेळ उभा राहतो. पासवाल्यांपैकी एकानं विचारलं, "मशीन बंद पडलं काय वो?" अशा माणसांना पास देऊ नयेत.

शेवट मला नीट आठवत नाही. पार्श्वसंगीत ऐकत होतो.

१३ एप्रिल

कालपासून यात्रेकरूंच्या जीपा आणि ट्रक चौकातून जायला लागले. उंच सासनकाठ्या, हलगी, "चांगभलं!" दोन ट्रक सवयीनं नवनाथसमोर थांबले. बायाबापड्या खाली उतरल्या, पोस्टर बघितलं. कोरडी नदी, काळा म्हातारा. एक आजी मला म्हणाली, "पावणं, द्येव कुठं गेला?" मी त्यांना समजावून सांगायला लागलो, की देव नदीच्या रूपकात आहे. पुढं बोलायच्या आत ट्रक मालनकडं वळला होता.

आकाराम तिकिटाच्या खिडकीत बसून हे सगळं बघत होता. मी म्हटलं, चांगला प्रेक्षक हळूहळू तयार होतो. तो म्हणाला, "व्हय दाजी."

त्याचं 'व्हय दाजी' मला आज ऐकवेना. उन्हाचा त्रास असणार.

१५ एप्रिल

'बिनखिडकीचं घर'. मी एकटा. एक माणूस बंद दारासमोर बसलाय. दाराच्या पलीकडं कुणीतरी आहे. तो काही दार उघडत नाही, पलीकडचा काही जात नाही. मध्येच मालनमधला "चांगभलं"चा गजर भिंतीतून आत आला आणि पडद्याजवळची चीर थरथरल्यासारखी वाटली. दोनदा मागं वळून पाहिलं. मागं सगळ्या रिकाम्या खुर्च्या माझ्याकडं तोंड करून होत्या. त्यांची तोंडं पडद्याकडंच असतात, हे मला माहीत आहे. तरी इंटर्व्हलला बाहेर पडलो.

मत : उत्तम चित्रपट. अवश्य पाहावा. एकट्यानं पाहू नये.

१६ एप्रिल, चैत्र पौर्णिमा

यात्रेचा मुख्य दिवस. मालनला हाऊसफुल्लच्या पाटीला हार. आमच्याकडं मशीन चालूच केलं नाही. आकाराम म्हणाला, "मशीनच्या दिव्याचा कार्बन कशाला जाळायचा?"

फळ्याखाली बाळासोनं चुन्याची रेघ मारलीय. दारापासून आत, थेट पडद्यापर्यंत. प्रमुख पाहुण्यांसाठी गालिचा टाकणार असतील. पिराजी ती रेघ ओलांडून जात नाही, वळसा घालून जातो.

१७ एप्रिल

आठवडा संपला. 'तिसरा जिना' लावलाच नाही. पेटी न उघडता परत गेली. त्यामुळं त्या चित्रपटाविषयी माझं मत अजून शुद्ध आहे.

पिराजी दरवर्षीसारखा बादली आणि फडकं घेऊन हॉलमध्ये गेला आणि तसाच बाहेर आला. मी त्याला म्हटलं, बघ, यंदा एका खुर्चीला डाग नाही!  बादलीतलं स्वच्छ पाणी त्यानं गटारात ओतलं आणि बराच वेळ बघत उभा राहिला.

२० एप्रिल

बाळासो आकारामच्या घरी जाऊन आला. पुरस्कार समितीचा नव्हे. मंगल कार्यालयं बांधतो. यात्रेआधीच बोलणी सुरू होती, आकाराम नाही म्हणत होता. आज हो म्हणाला. आठवडा गेल्यावर नाही कशाच्या जोरावर म्हणणार?

मी हिला म्हटलं, मला एका शब्दानं कुणी बोललं असतं तर! ही भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "दादा पाडव्याआधी आलता की माझ्याकडं. म्हनला, देवाचा पिक्चर ऱ्हाऊ द्या म्हनून दाजीस्नी तू सांग. म्या न्हाय सांगितलं. माहेरच्यापुढं तुमची मान खाली जाईल म्हनून. माझ्या बापाचं टॉकीज गेलं."

मग रडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हिला असं रडताना मी पाहिलं नव्हतं. मी बाहेर येऊन उभा राहिलो. टेपचं टोक मी धरलं होतं हे हिला अजून माहीत नाही.

वास्तविक धंदा पडताच होता. केबलमुळं. मी निमित्तमात्र.

२ मे

पुरस्कार जाहीर! तिन्ही चित्रपटांना मिळाले. तिन्ही! माझं मत अक्षर न् अक्षर खरं ठरलं. पेढे घेऊन नवनाथला धावलो, फळ्यावर लिहायला. फळ्यावर आधीच लिहिलं होतं : 'लग्नाचे बुकिंग सुरू'. अक्षर वाईट. आतून घण घातल्याचे आवाज येत होते. खुर्च्या रस्त्यावर मांडल्या होत्या, उन्हात, ओळीनं. लाकडाच्या फटींत जुना गुलाल अजून होता.

पेढे घरी आणले. कुणी खाल्ले नाहीत.

६ एप्रिल २००४

वर्षभर डायरी लिहिली नाही. लिहिण्यासारखं काही पाहिलं नाही. नव्या नामांकनांची बातमी आली तेव्हा पेपर उलटा घालून ठेवला.

आज ऑफिसमधून चौकातून येत होतो. कालच यात्रा झालीय. नव्या मंगल कार्यालयासमोर एक ट्रक थांबलेला. नेसरीकडची माणसं, नखशिखान्त गुलाल. एक म्हातारा कार्यालयाच्या कमानीकडं बघत गोंधळून उभा. मला म्हणाला, "पावणं, हितं टॉकीज व्हतं की वो! माझ्या बानं मला हितंच द्येव दाखवलाता. नातवाला आणलोय."

मी मालनकडं बोट दाखवलं.

म्हातारा म्हणाला, "तितला पिक्चर बघन्यासारखा हाय काय?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपणहून माझं मत विचारलं. तो पिक्चर मी कधीच पाहिलेला नाही. पाहू नये, असं लिहिलं होतं. मी म्हटलं, "हाय. अवश्य बघा."

म्हाताऱ्यानं सगळ्या ट्रकाला हाक घातली. "पावणं म्हनत्यात चांगला हाय!" आणि सगळी माणसं उतरली. म्हाताऱ्या, पोरं, लुगड्याचे सोगे सावरणाऱ्या बाया. माझ्या एका शब्दावर अख्खा ट्रक थेटराकडं निघाला. म्हाताऱ्यानं जाताजाता माझ्या कपाळाला गुलाल लावला. मी त्यांच्याबरोबर मालनच्या दारापर्यंत चालत गेलो. खोटं कशाला लिहू, छाती फुगली होती.

दारात आकाराम तिकिटं फाडत उभा होता. खाकी शर्ट, खिशाला बॅटरी. इथं नोकरीला लागलाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानं माझ्या कपाळाकडं बघितलं, मागच्या गर्दीकडं बघितलं.

"दाजी," म्हणाला, "जरा बाजूला व्हा. मानसं आत जाऊ द्या."

झालो.