दहावं बटण

मंगळवार, संध्याकाळ

आज बालवाडीतल्या दहा मुलांना क्रांती चौकाजवळ शिंपीचाचांच्या दुकानात नेलं. चाचांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक मोठं बटण ठेवलं. "ले जाओ बेटी, गिनती सिखाओ इनको," मला म्हणाले. वर्गात येऊन गोळा केली तर नऊच. मुलं घरी गेल्यावर मनात आलं, कुणी गिळलं असलं तर? एकेका आईला फोन करत सुटले. आठव्या फोनवर सानिकाची आई हसली, "ताई, तिच्या मुठीत हाय की. जेवतानाबी सोडंना."

लहानपणी लासूर स्टेशन गावी आत्या मला घरीच आकडे शिकवायची, चिंचोक्यांवर. विसातला एक मी मुठीत लपवायचे. आत्या एकोणीस मोजायची आणि मग शांतपणे म्हणायची, "वीस." तिला कळत नाही, असंच मला वाटायचं. कळत असणार. आता विचारायला आत्या नाही.

उद्या वर्गात बटणं मोजायची आहेत. खोटं शिकवल्यासारखं होईल का? होऊ दे. नऊ मोजायची, दहा म्हणायचं, आणि तेव्हा सानिकाकडं बघायचं नाही.