फ्लॅपची शिलाई

आय, विमानाच्या फ्लॅपचा दोरा तूच कापला होतास, हे मला माहीत आहे. तू जाऊन बारा वर्षं झाली, मी साठीला टेकलो, तरी ती गोष्ट अजून घशाखाली उतरत नाही. गेलेल्या माणसाला क्षमा करावी म्हणतात. मी प्रयत्न केला, जमलं नाही.

विमानतळावरच्या वर्कशॉपात फिटरची नोकरी सांभाळून मी सहा वर्षं सुट्टीच्या दिवशी, गास गावातल्या आपल्या वाडीत, पेंढा ठेवायच्या शेडमध्ये ते दोन सीटचं विमान बांधलं. नळ्या मी जोडल्या, कापड तू चढवलंस. गावातल्या निम्म्या पोरींचे चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे पांढरे फ्रॉक आणि लग्नाचे गाऊन तुझ्या मशीनवर शिवलेले. पण पंखाला मशीन चालत नाही, मेण लावलेल्या दोऱ्याने चार-चार बोटांवर हाताने गाठ मारावी लागते. स्वयंपाकघरात डाव्या बाजूचा फ्लॅप आडवा टाकून तू गाठी मारते आहेस, मागे बोंबलाचं कालवण उकळतंय, आणि मी प्रत्येक गाठ अंगठ्याने ओढून बघतो आहे. एकही गाठ सरकत नाही. "फ्रॉक उसवला तर पोरगी रडंल," तू मान वर न करता म्हणतेस, "ह्यो उसवला तर मी." तेव्हा मला हसू आलं होतं.

फ्लॅपला तू फळी म्हणायचीस, आणि ते काही चूक नव्हतं. पंखाच्या मागच्या कडेची ती फळीच. सीटशेजारचा दांडा वर ओढला की ती खाली झुकते आणि विमान कमी वेगातही हवेत तरतं. पण त्या कमी वेगालाही तळ असतो. तिथे पोचलं की पंख हवा सोडतो आणि विमान दगडासारखं खाली येतं. दांड्याला तीन खाचा होत्या. प्रत्येक खाचेचा तळ कुठे आहे, ते उंचावर जाऊन शोधायचं आणि वहीत उतरवायचं, याचंच नाव चाचणी. मुंबईहून येणारे ते निवृत्त वैमानिक साहेब खाली उभे राहून बघायचे. तिन्ही खाचा झाल्याशिवाय त्यांची सही नाही, आणि सहीशिवाय पुढची परवानगी नाही. शिवाय शेजाऱ्याचं शेत जोडूनही आपली धावपट्टी आखूड. दुसऱ्या खाचेवर उतरलो की विमान थांबता थांबता खाडीकाठच्या खाजणाचा बांध अगदी पुढ्यात यायचा. तिसरी खाच हवीच होती.

दुसऱ्या खाचेच्या चाचणीत डावा पंख एकदम कलंडला. पुढच्या काचेत आभाळ नव्हतं, फक्त भाताची कापलेली शेतं होती, आणि ती फिरत होती. सावरलो, उतरलो, वहीत आकडा लिहिला. तू बांधावर उभी राहून सगळं पाहिलं होतंस. जेवताना विचारलंस, "तिसऱ्या खाचेला काय होनार?"

"तेच बगायचं हाय."

"आनि बगायला गेलेला खाली नाय आला तर?"

मी ताट सारलं. "तुला शिवन कळतं ना, तेवढंच बग," म्हणालो. तू ताट उचललंस.

पुढच्या शनिवारी मी पेट्रोल आणायला गेलो होतो. रविवारी दहाला साहेब आले, विमानाभोवती फिरले आणि डाव्या फ्लॅपपाशी थांबले. खालच्या अंगाची शिलाई हातभर उघडी होती. त्यांनी फटीत बोट घातलं, रुमालाला पुसलं आणि फाईल मिटली. "हे हवेत उघडलं असतं तर? घरच्या शिलाईवर मी सही करत नाही." ते पुन्हा आले नाहीत. वर्षभरात शेजाऱ्याने शेत बिल्डरला दिलं, धावपट्टीचा निम्मा भाग गेला, आणि माझी सहा वर्षं शेडमध्ये उंदरांनी खाल्ली. एवढं सगळं तू एका कात्रीने केलंस, आणि मला विचारलंही नाहीस.

मीही कमी केलं नाही. त्या सकाळी निम्मं गाव विमान बघायला आलं होतं. तू चहाचा ट्रे घेऊन उभी होतीस. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "आयची शिलाई कच्ची निघाली." तू माझ्याकडे पाहिलंस. खरं सांगितलं असतंस तर कापल्याची कबुली द्यावी लागली असती, म्हणून तू नुसती चहा देत सुटलीस. त्या वर्षी कम्युनियनचे फ्रॉक नालासोपाऱ्याच्या टेलरकडे गेले, आणि नंतर ते तिकडेच जात राहिले. तू उशांचे अभ्रे शिवत बसायचीस. मला वाईट वाटत नव्हतं, हे लिहूनच टाकतो. वाटायचं, भोग आता. शेवटच्या आजारपणात तू म्हणालीस, "दोरा कच्चा नव्हता, पोरा." मी म्हणालो, "झोप आता."

हा कागद कुठे टाकणार? तुझ्या कबरीवर ठेवला तर माळी न वाचताच झाडून नेईल. म्हणून एक गोष्ट लिहायला हरकत नाही, जी मी फादरपुढे गुडघे टेकूनही बोललो नाही. त्या रविवारी तू चर्चमध्ये मिस्साला गेलीस तेव्हा मी शेडचं दार उघडलं. सात वाजले होते. मला उघडी शिलाई लगेच दिसली, आणि दोऱ्याची स्वच्छ कापलेली टोकंही दिसली. सुई, मेण, दोरा, सगळं हाताशी होतं. काम तासाभराचं, आणि तुझं बघून बघून मला ते येत होतं. मी स्टुलावर बसलो आणि साहेब येईपर्यंत तिथून उठलो नाही. मला हायसं वाटत होतं, आये.